चाकांवरची चूल

"मी यापुढे जमिनीवर झोपणार नाही," बकुळाने कमरेला गरम पाण्याची पिशवी लावत जाहीर केलं. "मला आता एकदाच जमिनीवर घालायचं. आणि त्या वेळी तुमचा तंबू लागायचा नाही."

आत्माराम मांडवकर चहाचा कप हातात धरून समोर बसला होता. रत्नागिरीच्या एका सरकारी कचेरीत तो हेडक्लार्क होता आणि गेली आठ वर्षं दर हिवाळ्यात बायकोला घेऊन कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर तंबू ठोकत होता. ज्या माणसाला घराच्या गच्चीवरून, मान जरा वाकडी केली की समुद्र दिसतो, त्याने तोच समुद्र बघायला पंचवीस किलोमीटर जाऊन वाळूत झोपावं, हे त्याच्या तळेकोंड गावाला कधी पटलं नाही. घर असताना बाहेर झोपणारा माणूस एक तर राखणदार असतो, नाहीतर बायकोने बाहेर काढलेला असतो. इथे तर बायकोही बरोबर जायची. त्यामुळे गावाने त्या दोघांचा नाद सोडून दिला होता.

मागच्या रविवारी मात्र हद्द झाली. आत्मारामने तंबू ठोकायला जागा निवडली ती उताराची, आणि नेमकी डोंगळ्यांच्या वारुळावर. "नैसर्गिक आहे," असं तो डोंगळ्यांबद्दल म्हणाला होता. पहाटे बकुळाची कंबर जी धरली ती सुटेना. शेवटी मासे घेऊन बाजाराला निघालेल्या दोन बायकांनी टोपल्या खाली ठेवून तिला उभी केली. "घर न्हाय काय गो तुला?" त्यातल्या एकीने विचारलं. हा प्रश्न बकुळाने घरी येईपर्यंत आत्मारामला सतरा वेळा ऐकवला.

आता अडचण अशी होती की येत्या शनिवारी त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. शनिवार-रविवार समुद्रावर, दोघंच, असं आत्मारामने केव्हाच ठरवून टाकलं होतं. बकुळा नाही आली तर पंचवीस वर्षांचा हा सोहळा त्याला एकट्याने साजरा करावा लागला असता, आणि ते बरं दिसलं नसतं.

म्हणून त्याने ट्रेलर आणला.

कोल्हापूरच्या एका हौशी माणसाची हौस फिटली होती. त्याच्याकडून मोबाईलवर फोटो बघून आत्मारामने ती वस्तू घेतली आणि बुधवारी सकाळी आपल्या छोट्या गाडीला मागे जोडून अंगणात आणून उभी केली. मिटलेल्या अवस्थेत ती चाकं लावलेल्या मोठ्या पेटीसारखी दिसत होती. बाजूला एक दांडा होता. तो फिरवला की छप्पर वर उचलायचं, मग दोन बाजूंना दोन पलंग खणासारखे बाहेर ओढायचे, मधे कापडाच्या भिंती, जाळीच्या खिडक्या, एक टेबल आणि कोपऱ्यात गॅसची छोटी शेगडी. पलंगांवर वीतभर जाड गाद्या होत्या.

"जमिनीपासून तीन फूट," आत्माराम अभिमानाने म्हणाला. "डोंगळ्याला शिडी लागेल."

"आधी इथे अंगणात झोपून बघते," बकुळा म्हणाली. "मग ठरवते."

ती पंधरा मिनिटं पडली. एका कुशीवर, दुसऱ्या कुशीवर, मग उताणी. आत्माराम बाहेर निकालाची वाट बघत उभा होता. शेवटी ती उठून बसली. "गादी बरी आहे," एवढंच म्हणाली. पंचवीस वर्षांच्या संसारात तिने आत्मारामच्या कुठल्याही खरेदीला इतकं चांगलं म्हटलं नव्हतं. तो हरखूनच गेला.

आणि इथेच घोळ झाला. खुशीत येऊन बकुळाने नव्या शेगडीवर दूध ठेवलं. नवी शेगडी म्हटली की आधी दूध उतू घालायचं, त्याशिवाय तिच्यावर चहासुद्धा करायचा नाही, ही तिच्या माहेरची आणि सासरची, दोन्हीकडची रीत. दूध वर आलं, फसफसून शेगडीवर सांडलं, बकुळाने हात जोडले. आत्मारामनेही जोडले. त्याने तर उत्साहाच्या भरात ट्रेलरच्या दाराला आंब्याची डहाळी अडकवली. शेजारची गंगुबाई कढीलिंब मागायला त्याच वेळी कुंपणाशी आली होती.

"दूध घातलंस काय गो?" तिने विचारलं.

"घातलं," बकुळा हसून म्हणाली.

"बरं झालं," गंगुबाई म्हणाली आणि कढीलिंब न घेताच गेली. गंगुबाई मागायला आलेली वस्तू विसरून जाते याचा अर्थ वाडीतल्या माणसांना लगेच कळला असता. आत्मारामला तो कळला नाही. तो दांड्याला तेल देत होता.

मांडवकरांचं घर समाईक होतं. अर्ध्यात आत्माराम, अर्ध्याला कुलूप. कुलपाची किल्ली थोरला भाऊ भागोजी याच्याकडे, आणि भागोजी मुंबईत. हे दोघे भाऊ एकदाही भांडले नव्हते. बाकीच्या घरांतून चुली वेगळ्या झाल्या, अंगणात भिंती पडल्या, कोर्टाच्या तारखा लागल्या. मांडवकरांनी मात्र गावाची सतत निराशा केली होती. आता गंगुबाईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. अंगणात नवं छप्पर, दाराला डहाळी, नवी चूल, आणि चुलीवर दूध. यावर आणखी पुरावा कोण मागतो? संध्याकाळपर्यंत अख्ख्या तळेकोंडात झालं की आत्माराम वेगळा झाला.

"पण त्याला चाकं हायत की," कोणीतरी शंका काढली म्हणे.

"वाटणीत कुठचा तुकडा येल ते माहीत न्हाय ना," गंगुबाईने खुलासा केला. "येल तिकडे ढकलायचा. आत्माराम कचेरीत हाय, त्याला कायदा कळतो."

गुरुवारी सकाळी गावकर आले. रावजीकाका. गावातला देवाचा सगळा मान यांच्याकडे, आणि शिमगा तोंडावर आलेला. देवीची पालखी घरोघर फिरते त्या दिवसांत तर त्यांच्या शब्दापुढे कलेक्टरचाही शब्द चालत नाही. त्यांनी ट्रेलरभोवती एक फेरी मारली, चाकाला काठीने टोचून पाहिलं आणि ओटीवर येऊन बसले.

"आत्माराम, वेगळा झालास तर झालास. भांडान न करता झालास ही चांगली गोष्ट."

"काका, मी वेगळा नाही झालो. हा ट्रेलर आहे. फिरायला."

"लाजू नको रे," रावजीकाका मायेने म्हणाले. "चूल हाय?"

"शेगडी आहे."

"दूध घातलंव?"

"घातलं, पण—"

"मंग झालं तर. नवी चूल म्हणजे नवं घर. तुझ्या घराकडं पालखी सोमवारी यायची होती. पण गावात नवं घर झालं तर पालखीचा पयला मान त्याचा. शनिवारी सकाळी दहाला पालखी तुझ्या ह्या घराकडं येल. तवर ही चूल हितून हलवायची न्हाय."

"शनिवारी आम्ही समुद्रावर जाणार आहोत," आत्माराम क्षीण आवाजात म्हणाला.

रावजीकाकांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पालखीला 'नको, आम्हाला फिरायला जायचंय' असं सांगणारा माणूस तळेकोंडात अजून जन्माला आला नव्हता, आणि तो मान आपल्याला मिळावा असं आत्मारामला वाटत नव्हतं. त्याने मान हलवली. आठ महिन्यांनी कचेरीत साहेब होण्याची स्वप्नं बघणारा माणूस आपल्याच अंगणात, आपल्याच वस्तूबद्दल, एक वाक्य पूर्ण बोलू शकला नाही.

बकुळा आतून ऐकत होती. "पालखी दहाला येऊन अकराला जाईल," ती म्हणाली. "आपण दुपारी निघू." ती एवढी समजूतदारपणे बोलली हे पाहून आत्मारामला धीर आला. धीर येण्याची त्याला फार घाई असे.

दुपारी फोन वाजला. भागोजीदादा.

"मला एक कॉल नाय करू शकत तू?" पलीकडून आवाज आला. तो चिडलेला असता तर बरं, पण तो रडवेला होता. "वीस वर्षं मी वाटणीचा शब्द नाय काढला. तुला काय पायजेल ते बोलायचं होतंस ना. अंगणात चूल मांडलीस? बाबांच्या अंगणात?"

"दादा, तो ट्रेलर आहे रे."

"काय पण असू दे. मी येतोय. तुझी वहिनी पण येतेय. समोरासमोर बोलू."

"अरे पण ऐक तरी—"

"आता काय ऐकायचं बाकी ठेवलंस?" असं म्हणून दादाने फोन ठेवला.

मुंबईच्या माणसाला एरवी शिमग्याचं तिकीट दोन महिने आधी काढूनही मिळत नाही. भाऊ वेगळा झाला म्हटल्यावर भागोजीला ते दोन तासांत मिळालं. शुक्रवारी सकाळी रत्नागिरी स्टेशनावरून रिक्षाने दोघं अंगणात उतरली. तुळसावहिनींचे डोळे लाल होते. भागोजीदादाने सामान खाली ठेवलं, भावाकडे न बघता थेट ट्रेलरकडे गेला आणि आत शिरला. आपल्या भावाने कशापायी रक्ताचं नातं तोडलं, हे त्याला बघायचं होतं.

आत्माराम मागोमाग आत गेला आणि समजावू लागला. हा दांडा. हे छप्पर. हे असं मिटतं. कोल्हापूरचा माणूस. बकुळाची कंबर. डोंगळे. भागोजी पलंगाच्या कडेला बसून ऐकत होता. मग त्याने गादी हाताने दाबून पाहिली. मग टेकला. रात्रभर गाडीत पाय आखडून बसलेला माणूस, वर जाळीतून वारा, खाली वीतभर गादी. "मला तुझं काय पटत नाय," असं म्हणता म्हणता त्याचा डोळा लागला, तो थेट दुपारच्या जेवणाला उघडला.

"आत्मा," जागा झाल्यावर तो गहिवरून म्हणाला, "माझी पाठ आज दहा वर्षांनी सरळ झाली."

"मग पटलं ना, हा ट्रेलर आहे?"

"पटलं. तू वेगळा नाय झालास. चांगली गोष्ट आहे." भागोजीने समाधानाने हात डोक्याखाली घेतले. "म्हणजे हा पण समाईकच. ह्या बाजूचा पलंग माझा."

आत्मारामला हे गणित कुठे चुकलं ते सापडेना. वेगळं झालं म्हणावं तर भाऊ तुटतो, नाही झालं म्हणावं तर पलंग जातो. दादा वेळेवर झोपला आणि चांगला उठला याचा आनंद मानून तो बाहेर आला.

संध्याकाळी दुसऱ्या बाजूचा पलंगही गेला. भागोजीचा मुलगा अजिंक्य आणि सून रुचिरा शिमग्याला येणारच होती. आईने सकाळीच मोबाईलवर पाठवलेले फोटो पाहून एक दिवस आधी आली. रुचिराने ट्रेलरच्या दारात उभं राहून इतके फोटो काढले की तिच्या मुंबईच्या दोन मावश्या आणि त्यांची माणसं लांज्याला कुणाकडे उतरणार होती ती बेत बदलून इकडे आली. "नवीन घर बघायचं होतं," मावशी म्हणाली. कुलपाआडचं अर्धं घर उघडलं, तेही भरलं. बाहेरची माणसं ट्रेलर बघायला येत, बघून झालं की ओटीवर बसत, आणि बसलेल्या माणसाला चहा द्यावा लागतो. ट्रेलरमधली शेगडी पूजेची म्हणून तिच्यावर कोणी काही ठेवायचं नाही असा रावजीकाकांचा हुकूम होता. त्यामुळे चहा बकुळा आत करत होती. शुक्रवारी एका दिवसात तिने सदतीस कप चहा केला. कमरेला पिशवी बांधून केला. आत्माराम दोनदा स्वयंपाकघरात डोकावला. दोन्ही वेळा ती काही बोलली नाही, हे त्याला फार लागलं. बोलली असती तर सोसलं असतं.

"उद्या दुपारी निघू," त्याने हळूच सांगितलं. "पालखी गेली की लगेच मिटतो. दांडा फिरवला की दहा मिनिटांत."

बकुळाने गाळणीतला चोथा आपटून टाकला.

शनिवारी दहाची पालखी साडेबाराला आली. ढोल-ताशे, माणसं, धुरळा. पालखी ट्रेलरपुढे नाचली. अंगणात टेकवली. बकुळाने आणि तुळसावहिनींनी देवीची ओटी भरली. आत्माराम नारळ घेऊन हात जोडून उभा राहिला. त्याचं अर्धं लक्ष दांड्याकडे होतं. आणखी दहा मिनिटं, मग नारळ फुटेल, मग पालखी पुढच्या घरी जाईल, मग छप्पर खाली.

रावजीकाकांनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा म्हाराजा, आज तुझ्या लेकरान नवी चूल मांडलेली हाय."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"मांडवकरांचे भाऊ हसतखेळत एका अंगणात नांदतायत, त्यांची नजर काढ."

"होय म्हाराजा."

"ह्या चुलीवर बारा महिने अन्न शिजू दे. आल्यागेल्याच्या पोटात दोन घास आणि घोटभर चहा जाऊ दे."

"होय म्हाराजा."

"आणि ही चूल हितून कधी हलू देऊ नको."

"होय म्हाराजा," आत्माराम म्हणाला. सगळ्यांबरोबर, सवयीने, आणि लहानपणापासून त्याचा आवाज मोठा असल्यामुळे सगळ्यांच्या वर.

म्हणून झाल्यावर त्याला कळलं आपण काय म्हटलं ते. त्याने बकुळाकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही तिने त्याच्याकडे इतक्या सरळ पाहिलं नव्हतं. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. रावजीकाकांनी जाता जाता ट्रेलरच्या चाकांखाली चार मोठे चिरे सरकवायला लावले. देवापुढे शब्द गेला होता, तो आता चाकांवर कसा ठेवणार?

"आता दर महिन्याला येईन," भागोजीदादा भावाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला. "डॉक्टरच बोलले होते, गादी बदला." त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते. मग पालखीबरोबर तो, वहिनी, मुलगा, सून, मावश्या, ओटीवरची माणसं, सगळी वाजतगाजत पुढच्या घरी गेली.

अंगण एकदम रिकामं झालं. पालखीला वळणापर्यंत पोचवून आत्माराम परत आला आणि एका चिऱ्यावर बसला. समोर त्याचा ट्रेलर उभा होता, दाराला डहाळी, कपाळाला कुंकू लावलेला. तो आता घर झाला होता. कोल्हापूरहून आणल्यापासून त्याने एकदाही त्यावर पाठ टेकली नव्हती. आणि लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या बायकोला तो समुद्रावर नेणार होता, ते राहिलंच. त्याला स्वतःची लाज वाटली. निदान तिच्याजवळ जाऊन तसं बोलावं म्हणून तो उठला, पण ती स्वयंपाकघरात नव्हती. चहाचं पातेलं घासून पालथं घातलेलं होतं.

मागच्या दारी गाडीचा हॉर्न वाजला.

बकुळा गाडीत पुढे बसली होती. मांडीवर डबा, केसात अबोलीचा वळेसर. मागच्या सीटवर माळ्यावरून काढलेला जुना तंबू होता, त्याच्यावर अजून जळमटं होती.

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"समुद्रावर. कुठे म्हणजे काय?"

"तंबू घेऊन?" आत्मारामला विश्वास बसेना. "अगं, जमिनीवर झोपावं लागेल. तूच म्हणालीस—"

"जमीन चहा तरी मागत नाही," बकुळा म्हणाली. "बसा लवकर. पालखी आता गंगुबाईकडे आहे. तिच्याकडे खोबरं वाटायला वेळ लागत नाही."

आत्माराम इकडेतिकडे न बघता घाईघाईने स्टिअरिंगपाशी बसला. गाडी मागच्या वाटेने खाली उतरली, गुरांच्या गोठ्यावरून रस्त्याला लागली. ढोलाचा आवाज मागे मागे गेला. एका वळणावर गाडीच्या टपावर काहीतरी जड सरकल्याचा आवाज झाला. त्याने गाडी थांबवली आणि खाली उतरून पाहिलं. टपावर सुंभाने करकचून बांधलेल्या, नीट गुंडाळलेल्या, वीतभर जाड अशा दोन गाद्या होत्या.

तो परत आत येऊन बसला. गाडी पुन्हा सुरू केली.

"दादा आल्यावर झोपायला जाईल," तो म्हणाला. "फळी असेल नुसती."

"असेल."

"आणि गाऱ्हाणं?"

"मी नीट ऐकलंय," बकुळा म्हणाली आणि मोबाईल बंद करून पर्समध्ये टाकला. "चूल हलवायची नाही म्हणाले. गादीचं कोणी काही बोललं नाही."